नातीची निनांग

पाद्रीबाबांनी टाळूवर पाणी ओतलं तेव्हा लुआ रडली नाही, शिंकली. तायाबास गावच्या चर्चमध्ये जमलेली माणसं हसली आणि मग सगळ्यांच्या नजरा पुन्हा जिथे होत्या तिथे गेल्या, म्हणजे बाळाला हातावर घेऊन उभ्या असलेल्या बाईंकडे.

त्या काळी गावात बाप्तिस्म्याला डझनभर धर्मपालक असायचे. वहीत नाव सगळ्यांचं लागायचं, पण बाळ एकीच्याच हातात असायचं. ती खरी निनांग, म्हणजे धर्ममाता; पुरुषाला म्हणायचं निनोंग. सेनेटर रिनो पालाद यांच्या पहिल्या नातीची निनांग कोण, यावरून ते कुणाला जोडीला घेऊन राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहणार हे कळेल, असं गावाने केव्हाच ठरवून टाकलं होतं. आणि बाळ होतं सामार बेटाच्या गव्हर्नर सोलेदाद पाकाल्दो यांच्या हातात. बाई ठेंगण्या, उन्हाने रापलेल्या; बाळ त्यांनी असं धरलं होतं, जसं बाजारातून आणलेलं कलिंगड कडेवर घ्यावं.

मेदिंग आत्या पहिल्या बाकावर बसली होती. रिनोच्या वडिलांची ती बहीण. रिनोची आई लवकर गेली तेव्हापासून त्याला वाढवलं तिनेच. लग्न तिने केलं नाही, पण घरातली सगळ्यांची लग्नं, बाप्तिस्मे, कोण कुणाचा कुमपारे, कोण कुणाची कुमारे, हे तिला तोंडपाठ. निनांग ही बाळाच्या घरच्यांची कुमारे होते, आणि ते नातं विहिणीइतकं जवळचं. एकदा ते नातं जुळलं की चारचौघांत एकमेकांविरुद्ध तोंड उघडायचं नाही, हा नियम तिथे पोरासोरांनाही माहीत. आणि निनांग व्हायला बोलावलं तर कुणी नाही म्हणत नाही. नाही म्हटलं तर बाळाला लागतं.

म्हणूनच तर तिने गव्हर्नरबाईंना परस्पर फोन केला होता.

ही गोष्ट रिनोच्या बायकोला, लिगायाला, कळली तेव्हा तिनेही वेळ घालवला नाही. निनांगच्या शेजारी मेणबत्ती धरायचा मान असतो. तो तिने आपल्या धाकट्या भावाला, पोल्डोला दिला. उपाध्यक्षपदासाठी तिच्या मनात पोल्डोच होता. त्यामुळे आता चर्चमध्ये एकीकडे आत्याची उमेदवार बाळ घेऊन, दुसरीकडे लिगायाचा उमेदवार मेणबत्ती घेऊन, आणि मधे पाद्रीबाबा, असं दृश्य होतं. मागच्या बाकांवर बसलेले आसपासच्या गावांचे नगराध्यक्ष माना लांब करून बघत होते.

बाहेर पायऱ्यांवर लिगायाने आत्याचा हात धरला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, सून सासूला आधार देते आहे.

"आत्याबाई, पाहुणे बोलवायच्या आधी घरच्या सुनेला विचारायची पद्धत होती ना आपल्याकडे?"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणून?"

"म्हणून नाही विचारलं. पायरी बघ, शेवाळ आहे."

"वादळानंतर याच बाईंनी रेडिओवर आपल्या माणसाची चेष्टा केली होती. विसरलात वाटतं."

"विसरेन कशी? मी रेडिओला कान लावूनच बसले होते," आत्या म्हणाली. "चेष्टा चांगली होती."

लिगायाने हात सोडला.

घरी अंगणात बांबूच्या मांडवाखाली टेबलं लागली होती. लेचोनसाठी तीन डुकरं पहाटेपासून निखाऱ्यांवर फिरत होती आणि त्यांची कातडी आता मधासारखी झाली होती. केळीच्या पानांवर पान्सितच्या शेवयांचे ढीग, व्हिनेगरच्या बाटल्या, लसणाचा वास मारणारी लोंगानिसा सॉसेजं, कसाव्याच्या कंदाचा गोड बुडिन. नारळाची दारू, लांबानोग, एकाच पेल्यातून टेबलाभोवती फिरत होती. आत्याला असा गजबजाट मनापासून आवडायचा. पण आज तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. गव्हर्नरबाईंच्या ड्रायव्हरकडून तिने काढून घेतलं होतं: बाई दोन वाजता निघणार, आणि रात्रीचं जेवण मनिलात, सेनेटर लांतिंग यांच्या घरी. लांतिंग म्हणजे रिनोचा प्रतिस्पर्धी. त्यालाही जोडीदार हवाच होता. बाईंना जेवायला बोलावून तो काय विचारणार, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता.

आणि इकडे रिनो सगळ्या टेबलांवर जात होता, एक टेबल सोडून.

शेवटी घामाने भिजलेला सदरा बदलायला तो वर गेला, तेव्हा आत्या गुडघा धरत जिना चढली आणि दार न वाजवता आत शिरली.

"तू तिला विचारणार आहेस, की लेचोन खायला घालून लांतिंगकडे पाठवणार?"

"आत्या, सदरा तरी घालू दे."

"मी तुला लंगोटात पाहिलंय. बोल."

रिनो पन्नाशी उलटलेला माणूस. सेनेटमध्ये दोन दोन तास बोलायचा. पलंगाच्या काठावर बसून बटणं लावता लावता तो म्हणाला, "मतपत्रिकेवर दोन रेघा असतात. वर राष्ट्राध्यक्ष, खाली उपाध्यक्ष. दोन्ही नावं लोक आपल्या हाताने लिहितात, वेगवेगळी. खालच्या रेघेवर तिचं नाव लिहायला सगळी बेटं धावतील. वरच्या रेघेवर माझंच लिहितील असं कुठे आहे? ती जाईल राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्याशेजारी आणि मी येईन परत इथे, नारळ मोजायला. बरं, दोघेही निवडून आलो, तर सहा वर्षं जो तो मला विचारणार, बाईंचं यावर काय म्हणणं आहे?"

"आणि पोल्डोला घेतलंस तर?"

"पोल्डो माझ्या शब्दाबाहेर जात नाही."

 आत्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली पोल्डो म्हाताऱ्या बायकांच्या टेबलाशी कुठलं तरी जुनं गाणं म्हणत होता आणि त्या लाजून पंख्याने तोंड झाकत होत्या.

"हे वाक्य मी या घरात आधी ऐकलंय," ती म्हणाली.

रिनोच्या हातातलं बटण तसंच राहिलं. त्याचे वडील गव्हर्नरपदाला उभे राहिले तेव्हा त्यांनी जोडीला पत्त्यांच्या अड्ड्यावरचा मित्र घेतला होता. माणूस देवाच्या गुणाचा, कधी उलटून बोलायचा नाही. सभेतही फारसं बोलायचा नाही. दोघे मिळून असे हरले की वडिलांनी पुढे कधी निवडणुकीचं नाव काढलं नाही. संध्याकाळी पत्ते मात्र त्या मित्राबरोबरच खेळत राहिले.

"बाबा सुखी होते, आत्या."

"होता ना. मी कुठे नाही म्हणते? तुला तसं सुख हवं असेल तर खाली जा, पोल्डोचा हात वर कर, आणि ये पत्ते खेळायला. मी वाटते." ती दारापर्यंत जाऊन थांबली. "नाहीतर तिला विचार. पण विचारायचं तूच. माझं काम तिला इथवर आणण्याचं होतं. आता ती लुआची निनांग झाली, म्हणजे तुझ्याविरुद्ध जाणं तिला अवघडच आहे. मी पक्कं बांधून ठेवलंय."

खाली गव्हर्नरबाई मोठ्या टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. कुणीतरी त्यांच्यासमोर काटा आणि बशी ठेवली, ती त्यांनी बाजूला सारली, केळीचं पान पान्सितसकट उचललं, वर व्हिनेगर मारलं आणि पानच तोंडाशी नेलं. तायाबासच्या माणसांसारखं, एकही शेवई अंगावर न सांडता. शेजारच्या गावचे नगराध्यक्ष एकमेकांकडे बघून मान डोलवू लागले.

"कुठे शिकलात, गव्हर्नरबाई?" पोल्डोने विचारलं.

"आत्ताच. तुमच्याकडे बघून," त्या म्हणाल्या. "फक्त तुमच्या सदऱ्यावर सांडलंय ते सोडून सगळं उचललं."

पोल्डो सदऱ्याकडे बघून सगळ्यांत मोठ्याने हसला. त्याच्याजवळ हा गुण होता.

कॉफी आली. रिनो खाली आला आणि प्रथमच त्या टेबलाशी बसला, पण लिगायाच्या पलीकडे. त्याची मुलगी क्लारिसा बाळाला पाजून घेऊन आली. आत्या खुर्ची ओढून बसली तेव्हा बाईंनी तोंड पुसलं आणि तिच्याकडे वळल्या.

"मावशी, जाळं फार छान टाकलंत हं. कौतुक वाटलं."

"कसलं जाळं?" आत्या म्हणाली. "खा अजून थोडं."

"फोन आला तेव्हाच मी आईला म्हटलं, बघ, आता नाही म्हणता येत नाही. एकदा आले, बाळ घेतलं, म्हणजे झाले मी या घरची कुमारे. मग घरच्याविरुद्ध उभं राहायचं कसं, आणि लांतिंगच्या व्यासपीठावर चढायचं कसं? खरं की नाही?"

आत्याने बुडिनचा तुकडा त्यांच्याकडे सरकवला. हो म्हणणं तिला बरं दिसलं नाही आणि नाही म्हणणं खोटं झालं असतं.

"पण एक राहिलं, मावशी. कुमारे मी कुणाची झाले?"

"म्हणजे? लुआची तू निनांग, म्हणजे तू..." आत्याचं बोट रिनोच्या दिशेने निघालं आणि अर्ध्यावर थांबलं.

"बाळाच्या आईबापाची," गव्हर्नरबाई शांतपणे म्हणाल्या. "क्लारिसाची झाले, तिच्या नवऱ्याची झाले. रिनो बाळाचा आजोबा आहे. आजोबाशी काही नातं जुळत नाही. मी उद्या सकाळी त्याच्याविरुद्ध भाषण ठोकलं, तरी आमचे पाद्रीसुद्धा मला काही म्हणणार नाहीत."

 आधी क्लारिसाला हसू फुटलं, तिच्यामागून पोल्डोला, आणि मग सगळ्यांना. ज्या बाईला अख्ख्या गावाची नाती पाठ, तिचा एका पिढीचा हिशेब चुकला होता. आत्याला सगळ्यांत उशिरा हसू आलं. तिला चूक कशी झाली ते कळलं होतं. महिनाभर मनात योजना आखताना तिच्या डोळ्यांपुढे बाळाचा बाप म्हणून सतत रिनोच उभा होता. तो आजोबा झालाय हे तिच्या मनाने अजून घेतलंच नव्हतं. तो तिच्या लेखी अजून केस विंचरून घ्यायला मान खाली घालणारा मुलगा होता.

"म्हातारी झाले," ती म्हणाली.

"छे, तुम्ही त्याला म्हातारा होऊ देत नाही," गव्हर्नरबाई म्हणाल्या. घड्याळ बघितलं. "तर असं आहे. बांधलेलं कुणी नाही. मी मोकळी, तुम्ही मोकळे. आणि माझी निघायची वेळ झाली."

लिगाया तत्परतेने उठली. "तुमच्यासाठी खाऊ बांधून ठेवलाय, गव्हर्नरबाई. लेचोन, लोंगानिसा, सगळं. रस्त्यात लागेल."

पाहुण्याला घरी न्यायला खाणं बांधून देणं ही तिकडची रीतच. पण ते कुठल्या घाईने पुढे करावं यालाही एक रीत असते. गव्हर्नरबाई उठल्या नाहीत.

"लिगाया, बस जरा. तुझा राग मला कळतो. भाऊ आहे तुझा, आणि गोड माणूस आहे. चर्चमध्ये मी शेजारीच होते. मेण बाळावर पडेल म्हणून त्याने मेणबत्तीखाली स्वतःचा हात धरला होता. दाखव रे हात."

पोल्डोने ओशाळून तळहात मागे लपवला.

"अशा माणसाला मी नावं ठेवणार नाही. पण मला एक सांग. शेजारी कोण उभा राहिला म्हणजे नवरा उंच दिसेल, हे तू कशाला बघत बसतेस? तो बुटका आहे का?"

"माझा नवरा बुटका नाही," लिगाया म्हणाली. आवाज इतका स्वच्छ होता की पलीकडच्या टेबलावरची गाण्याची तयारी थांबली.

"मग?"

 लिगायाने पोल्डोकडे पाहिलं. "तू बोल ना काहीतरी."

"मी काय बोलू, ताई?" पोल्डो म्हणाला. "मला कुणी विचारलंय कुठे? तू म्हणालीस उभा राहा, मी राहिलो. म्हणालीस मेणबत्ती धर, धरली. खरं सांगू का? परवा भाषणाची तालीम करताना मी आरशातल्या माणसालासुद्धा मत दिलं नसतं."

लिगाया काय करते, याकडे सगळे बघत होते. आत्याही बघत होती. या मुलीला तिने या घरात नवी नवरी म्हणून येताना पाहिलं होतं, रिनोच्या पहिल्या पराभवात त्याच्यासाठी दारोदार फिरताना पाहिलं होतं. भावाला ती लाडापायी पुढे करत नव्हती, हे आत्याला आत्ता या टेबलाशी प्रथमच नीट दिसलं. नवऱ्याला पाठीमागून कुणी धक्का देऊ नये, म्हणून ती त्याच्या पाठीशी आपलं माणूस उभं करू बघत होती.

लिगायाने बांधलेला खाऊ टेबलाखाली ठेवला आणि बसली.

"रिनो," ती म्हणाली, "बाई निघाल्यात. तुला काहीतरी विचारायचं होतं ना त्यांना?"

रिनो उठला. भाषणाला उठायचा तसा उठला आणि मग, तसं उठण्याची लाज वाटल्यासारखा, खुर्ची उचलून गव्हर्नरबाईंच्या समोर येऊन बसला.

"चोलेंग," तो म्हणाला. चारचौघांत तो त्यांना असं घरच्या नावाने कधी बोलवत नव्हता. "मला तुझी भीती वाटते."

"सुरुवात चांगली आहे."

"लोक खाली तुझं नाव लिहितील आणि वर भलत्याचं. तसं झालं तर झालं. पण वादळानंतर तू रेडिओवर म्हणालीस, छप्परं उडालेल्यांना सेनेटरसाहेबांनी टोप्या पाठवल्या."

"तुझं नाव छापलेल्या. लाल."

"मी वर्षभर रागावलो होतो. माझ्या आसपास बारा माणसं होती, टोप्या जहाजात चढताना सगळ्यांनी पाहिल्या, आणि एकानेही सांगितलं नाही की साहेब, हे काय करताय. तू त्या बारांत असतीस, तर तांदूळ गेला असता." त्याने घसा साफ केला. "मला ते सांगणारं माणूस हवंय. शेजारी, मागे नको. उभी राहशील माझ्याबरोबर?"

मांडवात डुक्कर कापणाऱ्याचा सुरा तेवढा वाजत होता.  गव्हर्नरबाईंनी क्लारिसाच्या मांडीवरून बाळ उचललं, त्याच्या पायातला निसटलेला मोजा नीट चढवला.

"लोकांसमोरही सांगेन," त्या म्हणाल्या. "तू चुकलास तर. दार लावून एकदा सांगेन, नाही ऐकलंस तर लोकांसमोर."

"दोनदा सांग दार लावून. मला पहिल्यांदा कळायला वेळ लागतो," रिनो म्हणाला.

"खरंय ते," लिगाया म्हणाली.

तेव्हा बाई हसल्या. "माझ्या धाकट्याचा दृढीकरणाचा संस्कार आहे पुढच्या महिन्यात, कातबालोगानला. त्याला निनोंग ठरायचाय. तुझं नाव देते. आमच्या चर्चमध्ये, आमच्या लोकांसमोर, माझ्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहा. म्हणजे मग तू माझा खरा कुमपारे होशील, या मावशींच्या हिशेबातला नाही. दुसऱ्या दिवशी अर्ज भरायला बरोबर जाऊ."

रिनोने आत्याकडे पाहिलं, लहानपणी दुकानातलं काही घेऊ का असं विचारताना पाहायचा तसं. आत्याने मुद्दाम कपातली कॉफी ढवळली.

"येतो," तो म्हणाला.

"आणि लांतिंगकडचं जेवण?" लिगायाने विचारलं.

"जाणार ना. आमंत्रण घेतलंय, जायला हवं. पोट भरलंय एवढं सांगेन." बाई उठल्या आणि टेबलाखाली वाकून खाऊची पुरचुंडी स्वतःच काढून घेतली. "हे मात्र नेते. लोंगानिसा आईला आवडेल."

त्यांची गाडी नारळांच्या बागेआड गेल्यावर नगराध्यक्षांना कंठ फुटला, पेला जोरात फिरू लागला, आणि आत्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर टेकली. सकाळपासून तिने धड काही खाल्लं नव्हतं. लिगाया मागोमाग आली, पातेल्याच्या तळाशी राहिलेलं पान्सित तिने पानावर काढलं आणि आत्यापुढे ठेवलं.

"पुढच्या वेळी मला विचाराल."

"विचारेन."

"नाही विचारणार तुम्ही."

"नाही विचारणार," आत्याने कबूल केलं. "पण तू आज जे केलंस ते मला सुचलं नसतं, लिगाया. मी त्याला ढकलत होते. तू वाट दिलीस."

लिगायाने तोंड फिरवून उगाचच चुलीतली लाकडं मागे ओढली. "सामारला काय न्यायचं? त्यांच्या आईसाठी?"

"मासळी सोडून काहीही. त्यांच्याकडे सगळा समुद्र आहे."

मागच्या ओट्यावरून बोलण्याचा आवाज येत होता. आत्याने पान हातात घेऊन दारातून डोकावलं. रिनो आणि पोल्डो पायरीवर शेजारी बसले होते, पोल्डोच्या भाजलेल्या तळहातावर लोणी चोपडलेलं. तरुणपणी पोल्डो सामारजवळच्या ताक्लोबानला साखरेच्या गोदामात कामाला होता, सामारच्या लोकांची वाराय बोली त्याला चांगली येत होती. कातबालोगानच्या चर्चमध्ये लोकांना नमस्कार त्यांच्या बोलीत करावा, असं त्यानेच सुचवलं असावं.

"माउपाय ना आगा," रिनो म्हणत होता.

"चूक. नगा. माउपाय नगा आगा."

"माउपाय नाग आगा."

"पुन्हा चूक, भावजी. नगा. ओठ नको, नाकातून."

आत्या तिथेच थांबली. रिनो आता उठेल, सेनेटरच्या आवाजात पुरे म्हणेल आणि पोल्डो लगेच गप्प होईल, असं तिला वाटलं. रिनोने नाक चिमटीत धरलं आणि पुन्हा म्हणून बघितलं.

"चूक," पोल्डो म्हणाला.

"बरं. परत सांग."

आत्याने पान तोंडाशी नेलं आणि उभ्या उभ्याच जेवायला लागली.